आई-वडिलांना डीडब्ल्यूपीच्या कम्प्लायन्स इंटरव्ह्यूचे पत्र आले आहे? या चुका टाळा

ब्रिटनमध्ये पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्या वृद्धांसाठीचा सरकारी भत्ता, घेणाऱ्या आई-वडिलांच्या नावे डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्सचा, म्हणजेच डीडब्ल्यूपीचा, खाकी लिफाफा येतो आणि त्यात ‘कम्प्लायन्स इंटरव्ह्यू’ हे शब्द असतात, तेव्हा घरातले सगळे आधी घाबरतात आणि मग मुले आई-वडिलांना उत्तरे पढवायला बसतात. या दोन्ही गोष्टींनी नुकसानच होते. अर्ज करताना सांगितलेली परिस्थिती आणि आजची परिस्थिती यांचा मेळ बसतो का, एवढेच या मुलाखतीत मुख्यतः तपासले जाते. म्हणून तयारी करायची ती कागदांची आणि तारखांची.

पहिली चूक पत्र अर्धवट वाचण्याची. पत्रात जर ‘अंडर कॉशन’ असे शब्द असतील, तर ती कम्प्लायन्स मुलाखत नसून फसवणुकीच्या संशयावरून घेतली जाणारी मुलाखत असते, तिच्यात बोललेले न्यायालयात पुरावा म्हणून वापरले जाऊ शकते आणि सॉलिसिटरचा, म्हणजे वकिलाचा, सल्ला घेतल्याशिवाय तिला जाऊ नये. साधी कम्प्लायन्स मुलाखत फोनवर, जॉबसेंटरमध्ये (डीडब्ल्यूपीच्या स्थानिक कार्यालयात) किंवा घरी होऊ शकते. दिलेली तारीख सोयीची नसेल, तर फोन करून ती बदलून घेता येते. मात्र पत्राकडे दुर्लक्ष केले, तर भत्ता थांबवला जाऊ शकतो. पत्राऐवजी मोबाइलवर संदेश आला आणि त्यात बँकेचे तपशील मागितले असतील, तर त्यातल्या क्रमांकावर फोन न करता सरकारी संकेतस्थळावरचा क्रमांक वापरावा.

भारतातले पैसे आणि घर न सांगणे

मराठी कुटुंबांची खरी अडचण इथे असते. पेन्शन क्रेडिटसाठी पहिली १०,००० पौंडांची बचत धरली जात नाही; पतीपत्नी दोघे असले तरी मर्यादा तीच. त्यावरच्या प्रत्येक ५०० पौंडांमागे, किंवा त्याच्या अंशामागे, आठवड्याला १ पौंड उत्पन्न आहे असे मानले जाते. म्हणजे १६,००० पौंड शिल्लक असेल, तर आठवड्याला १२ पौंड उत्पन्न धरले जाईल. या बचतीत पुण्यातल्या बँकेतली मुदत ठेव आणि एनआरओ खातेही (अनिवासी भारतीयांचे भारतातले रुपयांतले खाते) येते. आपण राहत नसलेला डोंबिवलीतला फ्लॅटसुद्धा भांडवलच असतो आणि त्याची बाजारभावाने किंमत धरली जाते. विक्रीच्या खर्चापोटी १० टक्के आणि त्या घरावर असलेले कर्ज तेवढे वजा होते. वजावटीनंतर फ्लॅटची किंमत ५०,००० पौंड निघाली आणि दुसरी काहीच बचत नसली, तरी आठवड्याला ८० पौंड उत्पन्न मानले जाईल, हा हिशेब पाहिला की ‘तिकडचे कशाला सांगायचे’ हे वाक्य किती महागात पडू शकते ते कळते. अपवादही आहेत: त्या घरात पेन्शनच्या वयाचा किंवा अपंग असलेला जवळचा नातलग राहत असेल, तर ते सहसा वगळले जाते. पण ते सूट मागूनच मिळते, लपवून नव्हे.

वडिलोपार्जित जमिनीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे असते. सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात बारा वारसांची नावे लागलेली असतात, त्यातले एक नाव बाबांचे असते, वाटणी कधी झालेली नसते आणि कोकणातल्या त्या कातळाचा भाव कोणी काढलेला नसतो. बाबांना ती मालमत्ता वाटतच नाही, त्यामुळे ते प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. इथे काय करावे? सातबाऱ्याचा उतारा, त्याचे इंग्रजी भाषांतर आणि हिस्सा किती, वाटणी का झाली नाही, तो विकणे व्यवहारात शक्य आहे का, हे सांगणारे एका पानाचे टिपण सोबत न्यावे. न विभागलेल्या हिश्श्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण असल्यामुळे त्याची किंमत कमी लावली जावी, असे म्हणण्याची बाजू आपल्याकडे असते. मात्र जमिनीचा उल्लेखच झाला नसेल, तर ती बाजू मांडायला जागा उरत नाही.

संयुक्त खात्याचेही तसेच आहे. मुंबईत राहणाऱ्या बहिणीने स्वतःच्या पैशांच्या खात्यात सोयीसाठी आईचे नाव घातलेले असते. दोघींचा वाटा सारखा मानला जाऊ शकतो. पगार कोणाचा जमा होतो आणि पैसे कोण काढते, हे खात्याच्या उताऱ्यावरून दाखवता आले, तर प्रश्न सुटतो. अंगावरचे दागिने सहसा वैयक्तिक वस्तूंमध्ये मोडतात, त्यांची उगाच चिंता करू नये.

पत्र आल्यावर घाईघाईने शिल्लक कमी करणे ही सर्वांत घातक चूक आहे. भत्ता मिळावा किंवा टिकावा म्हणून पैसे मुलांच्या खात्यात वळवले, असे अधिकाऱ्यांचे मत झाले, तर ते पैसे अजून आई-वडिलांकडेच आहेत असे धरून हिशेब होतो.

भारतातल्या मुक्कामांच्या तारखा अंदाजाने सांगणे

पेन्शन क्रेडिट सुरू असताना परदेशातला मुक्काम साधारणपणे ४ आठवड्यांपर्यंत चालतो. जवळच्या नातलगाच्या मृत्यूमुळे परतणे शक्य नसेल, तर ही मुदत ८ आठवड्यांपर्यंत वाढू शकते आणि वैद्यकीय उपचारांसाठी गेले असल्यास २६ आठवड्यांपर्यंत. निघतानाच तीन महिन्यांनंतरचे परतीचे तिकीट काढलेले असेल, तर पहिले ४ आठवडेही पदरात पडत नाहीत. अटेंडन्स अलाउन्सचा, म्हणजे देखभालीची गरज असलेल्या वृद्धांना मिळणाऱ्या भत्त्याचा, नियम वेगळा, १३ आठवड्यांचा आहे, आणि बचतीशी त्याचा संबंध नाही. स्टेट पेन्शनही, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनही, बचतीवर अवलंबून नसते. घरी हे तिन्ही एकाच नावाने, ‘पेन्शन’ म्हणून, ओळखले जातात आणि तिथेच घोटाळा होतो. म्हणून पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटे समोर ठेवून जाण्या-येण्याच्या तारखांचा एक तक्ता करावा आणि त्यात प्रत्येक मुक्कामाचे कारण लिहावे. ‘दिवाळीच्या सुमारास गेलो होतो’ हे उत्तर खोटे नसते, पण नोंदीशी जुळत नाही.

मुलांनीच बोलणे

बाबा तीन मिनिटे सांगतात आणि मुलगा त्याचे एका वाक्यात इंग्रजी करतो. अधिकाऱ्याच्या कागदावर ते एकच वाक्य उतरते. आई-वडिलांचे इंग्रजी पुरेसे नसेल, तर दुभाषा आधीच मागून घ्यावा. डीडब्ल्यूपी तो उपलब्ध करून देते. मुलांनी सोबत बसावे, कागद काढून द्यावेत, आठवण करून द्यावी. एखादी गोष्ट आठवत नसेल, तर ‘पाहून कळवतो’ असे म्हणणे पूर्णपणे मान्य असते, आणि अंदाजाने आकडा सांगण्यापेक्षा तेच बरे. विस्मरणामुळे आई-वडिलांना स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नसतील, तर मुलाला किंवा मुलीला त्यांच्या वतीने ‘अपॉइंटी’ म्हणून नेमून घेता येते. ती प्रक्रिया मुलाखतीच्या आदल्या दिवशी सुरू करून उपयोग नाही. सिटिझन्स अॅडव्हाइस आणि एज यूके या संस्थांकडे मोफत सल्ला मिळतो, त्यांची वेळही लवकर घ्यावी.

अखेरीस सहीसाठी निवेदन पुढे आले, तर ते पूर्ण वाचून, चुकीचे वाक्य दुरुस्त करून मगच सही करावी. निर्णय नंतर लेखी येतो. तो पटला नाही, तर एक महिन्याच्या आत ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’, म्हणजे डीडब्ल्यूपीकडूनच निर्णयाचा फेरविचार, मागावा आणि तरीही समाधान झाले नाही, तर न्यायाधिकरणाकडे अपील करावे. जास्त गेलेली रक्कम परत मागितली असेल, तर परतफेडीचा हप्ता परवडत नसल्याचे महिन्याच्या खर्चाच्या तपशिलासह कळवावे. तो कमी करून मिळू शकतो. निष्काळजीपणामुळे माहिती चुकीची दिली असे ठरले, तर वर ५० पौंडांचा दंडही लागू शकतो. आणि पुढच्या वेळी भारताचे तिकीट काढले, की निघण्यापूर्वीच तारखा डीडब्ल्यूपीला कळवाव्यात व कोणत्या दिवशी, कोणाशी बोलणे झाले याची नोंद त्याच तक्त्यात करून ठेवावी.