“तुम्हाला काही विचारायचंय?” याची तयारी

मुलाखतीच्या शेवटी हे विचारतातच, आणि तेव्हा हातात जेमतेम पाच-दहा मिनिटं असतात. तेवढ्यात दोन-तीन प्रश्न होतात. तरी पाच-सहा लिहून न्यावेत, कारण निम्म्यांची उत्तरं बोलण्याच्या ओघात आधीच मिळून जातात. वहीत बघून विचारलं तरी चालतं.

“इथलं वातावरण कसं आहे?” हा प्रश्न बहुधा वाया जातो. “छान आहे” याखेरीज समोरचा काय म्हणणार? नुसतं मत देऊन भागणार नाही, घडलेलं सांगावं लागेल, असं विचारा. “गेल्या महिन्यात टीमला सुट्टीच्या दिवशी किती वेळा काम करावं लागलं?” यावर आकडा तरी येतो, नाहीतर चाचरणं तरी. दोन्ही कामाचं.

एकच प्रश्न विचारता येणार असेल, तर हा विचारा: “ही जागा नवीन आहे, की कुणी सोडल्यामुळे रिकामी झाली?” जागा नवीन असेल, तर काम नेमकं काय हे त्यांचंही पुरतं ठरलेलं नसू शकतं. मग लगेच पुढचा प्रश्न: “पहिल्या तीन महिन्यांत काय झालं, तर योग्य माणूस घेतला असं तुम्हाला वाटेल?” रिकामी झालेली असेल, तर आधीची व्यक्ती किती काळ होती आणि कुठे गेली ते विचारा. बढती मिळून आतच गेली असेल तर उत्तम. दोन वर्षांत तुम्ही तिसरे असाल, तर गडबड माणसांपेक्षा कामाच्या आखणीत किंवा साहेबांत असण्याची शक्यता जास्त. हाच प्रश्न दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत विचारून उत्तरं जुळतात का ते पाहावं. थोडा आगाऊपणा वाटेल, पण उपयोग होतो.

कुणाला काय विचारायचं, इथे नवखे बरेचदा चुकतात. तांत्रिक फेरी घेणाऱ्याला पगाराचं विचारून फायदा नाही, बहुतेक वेळा त्याला ते माहीत नसतं. त्याला रोजच्या कामाचं विचारा: काम कोण तपासतं, अडलं तर कुणाकडे जायचं. होणाऱ्या साहेबांना विचारा, की टीममधल्या कुणाशी मतभेद झाला तर शेवटी निर्णय कसा होतो. अलीकडचं एखादं उदाहरण मागा. प्रोबेशन, नोटीस पिरियड, बाँड, रजा हे सगळं एचआरकडे.

कंपनीच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर आहे ते विचारू नका. निघण्याआधी मात्र पुढची फेरी कोणती आणि कधीपर्यंत कळवणार, हे विचारून घ्याच.

पैशांचे अवघड प्रश्न ऑफर हातात आल्यावर, पण सही करण्याआधी. एकूण पगारात ठरलेला भाग किती आणि कामगिरीवर अवलंबून किती? त्यातला गेल्या वर्षी टीमला प्रत्यक्षात किती टक्के मिळाला? ही उत्तरं फोनवर मिळाली, तर त्याच दिवशी ईमेल करून “आपलं असं बोलणं झालं, बरोबर ना?” असं लेखी पक्कं करून घ्या.