पालिकेची शाळा बंद होतेय? आधी कागद मागा

शाळेच्या गेटवर ‘इमारत धोकादायक’ अशी नोटीस लागली की दोन तट पडलेच. एक म्हणतो, पोरांच्या जिवाशी खेळ नको. दुसरा म्हणतो, जागा बिल्डरच्या घशात घालायचीय. आमच्या चाळीत दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते राहतात, म्हणून सांगते: भांडण नंतर.

नोटिशीचा फोटो काढा, जावक क्रमांक आणि तारीख नीट दिसेल असा. मग माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्या राज्यात तो १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, तेव्हा सरकारला शिव्या घालण्यात शब्द घालवू नका. मागायचा तो स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, पूर्ण अहवाल. त्यात इमारतीची श्रेणी दिलेली असते: सी-१ असेल तर ती रिकामी करून पाडायची. सी-२ असेल तर दुरुस्तीला वाव असतो. खरा वाद इथेच आहे. पोच शिक्क्यासकट घ्या. उत्तराची मुदत ३० दिवस.

दरम्यान शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात ७५ टक्के पालक असतात. ठराव इतिवृत्तात उतरवूनच घरी जा. (चहा नंतर.)

पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. पर्यायी शाळेपर्यंत स्वतः चालून बघा. मधे रेल्वेचे रूळ येतात का?

इमारत सी-१ निघाली तर हट्ट सोडा. पण नवी इमारत कधी, हे लेखी मिळाल्याशिवाय मुलांचे दाखले काढू नका. पट घसरला की बंद करायला तेच कारण पुढे येतं.