दुबईत कंपनी काढताय? या चुका टाळा

'तीन दिवसांत लायसन्स, शून्य टॅक्स.' एजंटांच्या या जाहिराती आता पुण्यात बसूनही मोबाइलवर दिसतात. लायसन्सचं बऱ्याचदा खरं असतं. टॅक्सचं २०२३ पर्यंत होतं.

पण पहिली चूक टॅक्सच्या आधीच होते. स्वस्तात मिळतं म्हणून लोक फ्री झोनचं, म्हणजे वेगळे नियम असलेल्या खास व्यापारी क्षेत्राचं लायसन्स घेतात आणि गिऱ्हाईक शोधतात शहरात. समजा, तुम्हाला मसाले आणून देरा या दुबईतल्या बाजारपेठेच्या भागातल्या दुकानदारांना विकायचे आहेत आणि कंपनी जबल अली फ्री झोनमध्ये आहे. माल तिथलं कुंपण ओलांडून शहरात आला की कस्टम्सच्या लेखी तो आयात माल, आणि बहुतेक मालावर ५ टक्के ड्युटी. शिवाय त्या लायसन्सवर देरात दुकान थाटता येत नाही, ते वेगळंच. गिऱ्हाईक परदेशात असेल तर फ्री झोन उत्तम. शहरात असेल तर मेनलँडचं, म्हणजे फ्री झोनबाहेरच्या दुबईचं लायसन्स बघा. चूक होऊन गेली असेल तर २०२५ पासून दुबईत एक वाट आहे. फ्री झोन कंपनीला परवाना काढून मेनलँडवर काम करता येतं, मात्र त्या कमाईवर ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्स लागतो.

लायसन्सवर लिहिलेली ॲक्टिव्हिटीही नीट वाचा. 'जनरल ट्रेडिंग' म्हणजे वाट्टेल ते नव्हे. खाण्याचे पदार्थ, औषधं, सौंदर्यप्रसाधनं यांना वेगळ्या नोंदण्या लागतात.

मेनलँड म्हटलं की आपली जुनी मंडळी अजूनही 'लोकल स्पॉन्सर' शोधायला लावतात. ५१ टक्के स्थानिक माणसाच्या नावावर आणि आतून एक खासगी करार, असा तो जमाना होता. जून २०२१ पासून बहुतेक व्यापारी आणि औद्योगिक कामांत १०० टक्के मालकी परदेशी माणसाला ठेवता येते. तरीही कुणी दुसऱ्याच्या नावावर कंपनी काढायला सांगत असेल, तर त्याचा यात काय फायदा आहे ते आधी विचारा.

आता कॉर्पोरेट टॅक्स. ३,७५,००० दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य, त्यापुढच्या नफ्यावर ९ टक्के. 'आपला नफाच नाही' म्हणून नोंदणी न करणारे इथेच फसतात. नोंदणी फ्री झोनवाल्यालाही करावी लागते, तोट्यातल्यालाही. उशीर झाला की १०,००० दिरहम दंड. तो लागलाच असेल तर पहिलं करवर्ष संपल्यापासून सात महिन्यांत रिटर्न भरा, दंड माफ होतो. एरवी रिटर्नला नऊ महिने असतात, म्हणून लोक निवांत राहतात आणि ही सवलत हातची जाते. ३० लाख दिरहमपर्यंत उलाढाल असलेल्यांना छोट्या धंद्याची सवलत आहे, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या करवर्षांसाठी. पण ती आपोआप मिळत नाही, रिटर्नमध्ये मागावी लागते. व्हॅटचा हिशोब निराळा. तिथे नोंदणीसाठीचा ३,७५,००० हा आकडा नफ्याचा नाही, विक्रीचा. हे दोन आकडे एकच असल्यामुळे भलेभले गोंधळतात.

चेकबद्दलही एक अर्धवट बातमी फिरते: 'आता चेक बाउन्स झाला तरी जेल नाही.' २०२२ पासून निव्वळ पैसे नसल्यामुळे परत गेलेल्या चेकवर सहसा फौजदारी होत नाही हे खरं. पण तोच चेक घेऊन समोरचा थेट वसुलीच्या कोर्टात जाऊ शकतो, वेगळा दावा लावत बसायची त्याला गरज नाही. आणि मुद्दाम खातं बंद केलं किंवा विनाकारण पेमेंट थांबवलं, तर गुन्हा आजही आहेच. भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक इथे सर्रास घेतात. सही करण्याआधी तारखा मोजा.

माणसं ठेवताना गावाकडच्या सवयी आणू नका. 'भाचा आहे, व्हिजा नंतर बघू' म्हणून त्याला काउंटरवर बसवणं महागात पडतं: विनापरवाना माणूस कामाला ठेवल्यास दंड एक लाख दिरहमपासून सुरू होतो. व्हिजाचा खर्च पगारातून कापणं आणि पासपोर्ट ड्रॉवरमध्ये ठेवून घेणं, दोन्हीला कायद्यात मनाई आहे.

आणि करार फक्त इंग्रजीत करून निर्धास्त होऊ नका. मेनलँडच्या कोर्टाचं काम अरबीत चालतं. भागीदारीच्या कागदाचं अधिकृत भाषांतर भांडण नसतानाच करून घ्या आणि दोन्ही मजकूर जुळतात का, हे तिसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. एजंटाच्या ओळखीतल्याकडून नको.