लेकरू मराठी-कन्नड मिसळतंय? या चुका टाळा

खानापूरकडच्या आमच्या गल्लीत दोन वर्षांची एक पोर आहे. तहान लागली की ओरडते, "आज्जी, नीर दे!" पाणी हा शब्दही तिला येतो, शेजारच्या कानडी अव्वाकडून नीर आलंय इतकंच. पण बाप घाबरला. "गोंधळतीय ही. आता घरात कानडी बंद."

सीमाभागातल्या घरांत होणारी सगळ्यात मोठी चूक हीच. जन्मल्यानंतरचे काही महिने बाळाला जगातल्या कुठल्याही भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येतात. वर्षाच्या आसपास कान रोज ऐकलेल्या ध्वनींवर स्थिरावतो. कन्नडमधला ऱ्हस्व आणि दीर्घ ए आपल्याला मोठेपणी घोटून घ्यावा लागतो, अव्वाच्या कडेवरचं पोर तो सहज उचलतं. जो शब्द आधी सुचतो तो ते वापरतं. दोन भाषांमुळं बोलायला उशीर होत नाही. शब्द मोजायचेच असतील तर दोन्ही भाषांचे मिळून मोजा.

मात्र दोन वर्षं झाली तरी लेकरू दोन शब्द जोडत नसेल, तर "बापावर गेलाय, उशिराच बोलणार" म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्या. सारख्या सर्दीनं कानात पाणी साठून ऐकू कमी येतं, आणि घरात कुणाच्या ध्यानातही येत नाही.

कॉन्व्हेंटच्या ॲडमिशनसाठी घरात मोडकं इंग्रजी बोलणं हीही चूकच. ज्या भाषेत तुम्ही लाड करता, रागावता, गोष्ट सांगता, त्याच भाषेत बोला. तिथं शब्द भरभरून मिळतात.

घास भरवताना मोबाईल नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, आणि पुढं चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. मोबाईल नुसता बोलतो, लेकराच्या बोलण्याला उत्तर देत नाही.

आमच्याकडं पावसाळ्यात पोरं घरात कोंडली जातात आणि मोबाईल पुढं येतो. त्यापेक्षा मसूर निवडताना शेजारी बसवा. फक्त नजर ठेवा, दाणा नाकात जायला वेळ लागत नाही. परवा त्याच पोरीनं सुपातला खडा चिमटीत धरला, डोळ्यांजवळ नेऊन निरखला आणि म्हणाली, "कल्लु!" "कल्लु नव्हे, खडा म्हण" असं तिला कुणी दटावलं नाही. आज्जी म्हणाली, "व्हय गे बाय, खडा. टाक बाजूला." तिनं टाकला, आणि दुसरा शोधायला लागली.