लेखी पुरवठा आदेश हातात येईपर्यंत माल गाडीत चढवू नका

बेळगाव महानगरपालिका, निपाणी नगरसभा किंवा खानापूरची पट्टण पंचायत, यांना पहिल्यांदाच माल पुरवायला निघालेल्यांसाठी हे लिहिलं आहे. जीएसटी नोंदणी, पॅन, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) हे तुमच्याकडे असेलच, त्यात वेळ घालवत नाही.

कागद कानडीत असतो म्हणून घाबरू नका. फाईल म्हणजे कडत, नोट म्हणजे टिप्पणी, आणि करार, दर, आदेश हे शब्द तर आपलेच. लिपी सवयीने बसते. अटी मात्र शब्दन् शब्द समजल्याशिवाय सही करायची नाही.

मागणी विभागातून निघते. ब्लीचिंग पावडर, फिनेल आरोग्य विभागाचं, पथदिव्यांच्या फिटिंग्ज विद्युत विभागाच्या. अंदाजपत्रक होतं, लेखा विभाग तरतूद आहे का ते पाहतो, मग मंजुरी. रकमेनुसार ती आयुक्तांकडे मिळते, स्थायी समितीकडे जाते किंवा सर्वसाधारण सभेपर्यंत पोहोचते. त्यानंतर कर्नाटकाच्या १९९९ च्या सरकारी खरेदीच्या पारदर्शकता कायद्यानुसार खरेदी पोर्टलवर टेंडर. दोन लिफाफ्यांचं टेंडर असेल तर तांत्रिक लिफाफ्यात दराचा आकडा चुकूनही जाऊ देऊ नका, तिथेच बाद व्हाल. दर जीएसटीसह मागितलाय की जीएसटी सोडून, आणि एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा, वस्तूवार ठरणार की एकूण रकमेवर, हे आधी पाहा. उद्यम आहे म्हणून ईएमडी (बयाणा रक्कम) माफ, असं गृहीत धरू नका. टेंडरमध्ये लिहिलं असेल तरच माफ.

आता खरा खड्डा. एल-वन आलात की फोन येतो, ‘ऑर्डर टायपिंगला आहे, तुम्ही माल टाका.’ गणपती तोंडावर असतात, कपिलेश्वर तलावावर दिवे हवे असतात, नाहीतर पावसात गटारं तुंबलेली असतात. बोलणारा माणूस बहुतेक वेळा प्रामाणिकच असतो, म्हणून तर पाय घसरतो. एल-वन येणं म्हणजे ऑर्डर नव्हे. त्यानंतर दर स्वीकारल्याचं पत्र, सुरक्षा ठेव, स्टॅम्प पेपरवरचा करार आणि शेवटी पुरवठा आदेश. बिल तपासणारा माणूस तारखा एकाखाली एक लावतो: आदेश, माल पोचवल्याचं चलन, साठा नोंदवहीतली नोंद, बिल. चलनाची तारीख आदेशाच्या आधीची निघाली की कडत परत. मग कार्योत्तर, म्हणजे माल येऊन गेल्यावर घ्यायच्या, मंजुरीची टिप्पणी फिरू लागते. तोवर फोन करणाऱ्याची बदली झालेली असते, माल वापरून संपलेला असतो, आणि नव्या अधिकाऱ्याने जुन्याच्या तोंडी शब्दावर सही का करावी?

चलनावर पुढची तारीख टाकू, असंही कुणी सुचवेल. मुळीच नको. ई-वे बिल आणि गाडीची नोंद खरी तारीख सांगतात, आणि थकलेल्या बिलाचं प्रकरण खोट्या कागदाचं होऊन बसतं. आणीबाणी आहे म्हणून सगळं चालतं, हेही खरं नाही. त्या कायद्यातली आपत्तीची सूट सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीपुरती आहे.

अशा वेळी सगळंच बुडतं असंही नाही. भारतीय करार कायद्याचं कलम ७० आहे. फुकट देण्याचा हेतू नसताना माल दिला आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई मागता येते. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केलं. पण तो दिवाणी दाव्याचा रस्ता आहे, आणि लहान दुकानदाराचं भांडवल तेवढा काळ तग धरत नाही.

म्हणून जावक क्रमांक, तारीख, सही, वस्तू, नग, दर आणि पोच करायची जागा असलेला कागद मागा. व्हॉट्सॲपवरचा ‘ओके’ म्हणजे आदेश नाही. मागितल्याने कुणी रागावत नाही, रागावलंच तर रागावू दे.

जुन्या ठेकेदारांकडून शिका, पण ‘पाच लाखांची खरेदी तुकडे करून कोटेशनवर उरकू’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. एकाच वस्तूची लागोपाठची बिलं लेखापरीक्षणात आधी डोळ्यांत भरतात. डिजिटल सहीचा टोकन आणि पासवर्ड सायबर सेंटरवाल्याकडे ठेवणं तर माझ्या मते सर्वांत महागडी सोय. तुमच्या सहीने चुकीचा दर भरला गेला आणि तुम्ही करार नाकारला, तर ईएमडी तुमचीच जप्त होते.

माल दिल्यावर तपासणीचा शेरा आणि साठा नोंदवहीचं पान क्रमांकासह बिलाला जोडा. त्या पानाशिवाय बिल टेबलावरून हलत नाही. कराराची रक्कम जीएसटी सोडून अडीच लाखांवर असेल तर बिल देतानाच २ टक्के जीएसटी टीडीएस कापला जातो, तोही जीएसटी सोडलेल्या रकमेवर. ३,००,००० चा माल आणि १८ टक्के जीएसटी म्हणजे बिल ३,५४,०००, कपात ६,०००. हे पैसे गेले असं समजू नका. पालिकेने जीएसटीआर-७ हे कपातीचं विवरणपत्र भरलं की ते जीएसटी पोर्टलवर दिसतात. तुम्ही तिथे ते स्वीकारले की तुमच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे तिथल्या तुमच्या रोख खात्यात, येतात. दिसले नाहीत तर त्याच महिन्यात लेखा विभागात जा आणि आपला जीएसटी क्रमांक बरोबर टाकलाय का ते तपासून घ्या.