फोन कमी, पुस्तक जास्त: बडोद्याच्या मराठी घरांत होणाऱ्या या चुका टाळा

नवं वर्ष आलं किंवा मुलांना सुट्टी लागली, की "आता फोन कमी, वाचन सुरू" असा संकल्प घरोघर सोडला जातो. आठवडाभरात फोन परत हातात येतो, पुस्तक उशाशी धूळ खातं आणि खापर फुटतं इच्छाशक्तीवर. खरं तर घोळ बहुतेक वेळा फार साध्या ठिकाणी असतो.

तासांचा आकडा बघून हबकणं

फोन म्हणतो, आज चार तास. त्यात कॅनडातल्या मुलीशी झालेला व्हिडिओ कॉल आहे, मांजलपूरचं घर शोधायला लावलेला मॅप आहे, लाइट बिल भरणं आहे. ते कमी करून हाती काय लागणार? अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंग, आयफोनवर स्क्रीन टाइम उघडा आणि दोनच गोष्टी पाहा: कोणतं अ‍ॅप सगळ्यात वर आहे आणि दिवसभरात फोन किती वेळा उघडला. माझ्या मते दुसरा आकडा जास्त बोलका. दर दहा मिनिटांनी फोन उघडणाऱ्याचे तास कमी भरले, तरी त्याचं एक प्रकरण सलग वाचून होत नाही.

टायमर लावून निश्चिंत होणं

अँड्रॉइडवर मर्यादा संपली की अ‍ॅप मध्यरात्रीपर्यंत बंद होतं खरं, पण सेटिंगमध्ये जाऊन टायमर काढायला कितीसा वेळ लागतो! आयफोनवर तर मर्यादेकडे दुर्लक्ष करण्याचं बटण समोरच येतं. तिथे पासकोड लावता येतो. तो घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी टाकायला सांगा.

त्यापेक्षा आमिषच काढून टाकलेलं बरं. यूट्यूबवर पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास बंद करून पुसून टाका, म्हणजे होम पानावर शिफारशींची रांग लागत नाही. जे पाहायचं ते शोधून पाहावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर सोसायटीचा, शाळेच्या बॅचचा आणि भाचेजावई रोज सुविचार टाकतात तो, असे तिन्ही ग्रुप अर्काइव्ह करा. नवा मेसेज आला तरी ते मुख्य यादीत वर येत नाहीत. ग्रुप सोडला की रुसवेफुगवे होतात. अर्काइव्ह केलेलं कुणाला कळतही नाही.

आणि घड्याळ? वेळ बघायला फोन उचलला की वीस मिनिटं गेलीच समजा. रावपुऱ्यात गजराचं घड्याळ अजून मिळतं.

मूल वाचत नाही म्हणजे आळशी आहे, असं धरून चालणं

ही चूक बडोद्यात जास्त होते आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. घरात मराठी, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी. सहावीतलं पोर मराठी फर्डं बोलतं, म्हणून वाढदिवसाला त्याच्या हातात तीनशे पानांची कादंबरी ठेवली जाते. पण गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. ख, च, ज, झ, ब ही अक्षरं तिथे वेगळी दिसतात. शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी ओळखीची असते, पण सराव तुटपुंजा. मग 'खिडकीच्या झडपा' एवढ्या दोन शब्दांवर बोट दोनदा थांबतं, ओळ संपेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरते आणि तो फोनकडे वळतो. तिथे अक्षरं लावावी लागत नाहीत. फोन काढून घेतल्याने वाचनाचा वेग वाढत नाही.

"आजी, तूच वाच ना. मला वेळ लागतो."

"लागू दे की. मी एक पान, तू एक परिच्छेद."

एवढं रोज झालं तरी पुरे. मोठ्या टाइपातली, चित्रं असलेली पुस्तकं घ्या, 'लहान मुलांची' म्हणून नाकं मुरडू नका. तिशीतल्या, गुजराती माध्यमात शिकलेल्या बडोदेकरांनाही हाच उपाय लागू आहे. आणि मुलगा गुजराती पुस्तक मिटक्या मारत वाचत असेल तर वाचू द्या. त्याने मराठी बुडत नाही. ज्याला पुस्तक घेऊन बसायची सवय आहे, त्याला दुसऱ्या लिपीत आणणं सोपं; ज्याला बसायचीच सवय नाही, त्याचं अवघड.

पुस्तकांचा ढीग करणं

२०१८ मध्ये बडोद्यात मराठी साहित्य संमेलन झालं. तिथे पिशव्या भरभरून घेतलेली पुस्तकं काही घरांत अजून प्लास्टिकच्या वेष्टनात असतील. समोर चाळीस पुस्तकं असली की निवडण्यातच संध्याकाळ जाते आणि निवड टाळायला फोन असतोच.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं. त्यात खेड्यांसाठी फिरती वाचनालयं होती: लाकडी पेटीत मोजकी पुस्तकं भरून गावाला पाठवायची, वाचून झाली की पेटी परत. ही पद्धत घरात जशीच्या तशी चालते. तीन-चार पुस्तकं बाहेर, बाकीची कपाटात. मांडवीतली सेंट्रल लायब्ररी त्याच योजनेतली. पुस्तकांच्या दालनातली काचेची जमीन बघायला म्हणून मुलांना न्या आणि येताना पुस्तक घेऊन या. परत करायची तारीख डोक्यावर असली की पानं उलटतात. विकत घेतलेल्या पुस्तकाला ती नसते.

झोपतानाची वेळ ठरवणं

दिवसभर दमलेल्या माणसाच्या हातून साडेदहाला पुस्तक नाकावर पडतं. फोन मात्र त्याच वेळी दीड तास जागा ठेवतो, कारण त्याला लक्ष द्यावं लागत नाही. सकाळचा चहा, दुपारी ऊन रणरणत असताना बाहेर पडता येत नाही तो तास, कमाटीबागेत नातवंडं खेळत असतानाचा बाक, या वेळा जास्त भरवशाच्या. नवरात्रात गरबा सोडून वाचत बसणार, असली प्रतिज्ञा करूच नका. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, गच्चीवर पुस्तक नेणाऱ्याची तर घरातलेच चेष्टा करतील, आणि बरोबरच करतील.

खंड पडला की लोक जिथे खूण ठेवली होती तिथूनच पुढे रेटतात, कोण कुणाचा कोण ते आठवत नाही आणि पुस्तक कायमचं सुटतं. दोन-तीन पानं मागे जाऊन सुरुवात करा. तरीही धागा लागत नसेल, तर ते बाजूला ठेवून एखादी कथा किंवा जुना दिवाळी अंक उचला. कथा एका बैठकीत संपते. दुसऱ्या दिवशी जाड पुस्तकाकडे परत जायचं की आणखी एक कथा वाचायची, ते तेव्हा बघा.