चिनी नेत्याची कारकीर्द लिहिताना या चुका टाळा : वांग छीशान यांच्या उदाहरणातून

चिनी नेत्यांबद्दल लिहिताना सर्वांत जास्त घोळ होतो तो ओळखीच्या पदनामांमुळे. महापौर, उपपंतप्रधान, उपराष्ट्राध्यक्ष हे शब्द आपल्याला माहीत असतात, म्हणून आपण त्यांना आपल्याकडचाच अर्थ लावतो. चीनमध्ये माणसाचं वजन ठरतं ते त्या तारखेला कम्युनिस्ट पक्षात तो कुठे होता यावरून. वांग छीशान बँकेत होते, प्रांतात होते, राजधानीत होते, उपपंतप्रधान होते, पक्षाच्या शिस्त आयोगाचे प्रमुख होते आणि शेवटी उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्यामुळे नेहमीच्या जवळपास सगळ्या चुका त्यांच्याबाबतीत होतात.

आधी माणूस आणि गाव नक्की करा

आडनाव पुढे येतं, म्हणून त्यांना ‘वांग’ म्हणायचं, ‘छीशान’ नव्हे. पण नुसतं ‘वांग’ लिहूनही भागत नाही. २०१८ च्या बातम्यांत वांग छीशान, वांग यांग, वांग हुनिंग आणि परराष्ट्रमंत्री वांग यी असे चार वांग एकाच वेळी होते आणि त्यांचं आपसात नातं नाही. पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्या आणि दुसरा वांग आला की पुन्हा द्या. आपली काही वृत्तपत्रं ‘वांग किशान’ लिहितात, तेव्हा जुन्या बातम्या शोधताना दोन्ही रूपं वापरा.

गावाची चूक जास्त चिवट असते. त्यांचा जन्म जुलै १९४८ चा, शानतोंग प्रांतातल्या छिंगताओचा. अधिकृत परिचयात मात्र मूळ गाव म्हणून शान्शी प्रांतातलं थ्येनचेन येतं, कारण तिथे वडिलोपार्जित गाव लिहितात. त्यांना १९६९ मध्ये शेतीकामासाठी पाठवलं ते यानआन दुसऱ्याच शान्शी प्रांतात आहे. देवनागरीत दोन्ही नावं सारखीच दिसतात, म्हणून सोबत राजधानी लिहा: थ्येनचेनच्या प्रांताची ताइयुआन, यानआनच्या प्रांताची शीआन. प्रांतीय संग्रहालयातली त्यांची नोकरी आणि इतिहासाचं शिक्षण या दुसऱ्या, शीआनच्या प्रांतातलं.

बीजिंगचा महापौर म्हणजे मुंबईचा महापौर नव्हे

इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वाधिक चुकीचे निष्कर्ष इथूनच निघतात. आपल्याकडे महापौरपद बरंचसं मानाचं असतं, प्रशासन आयुक्त चालवतो. बीजिंग, शांघाय, त्येनचिन आणि छोंगछिंग ही चार शहरं थेट केंद्राच्या अखत्यारीत आहेत आणि त्यांचा दर्जा प्रांताचा आहे. तिथला महापौर म्हणजे प्रांताच्या सरकारचा प्रमुख. तरीही तो त्या शहरातला पहिल्या क्रमांकाचा माणूस नसतो. पहिला क्रमांक पक्ष सचिवाचा.

वांग नोव्हेंबर २००२ मध्ये हायनान प्रांताचे पक्ष सचिव झाले, म्हणजे तिथले सर्वोच्च. एप्रिल २००३ मध्ये सार्सची साथ लपवल्याबद्दल बीजिंगचे महापौर मंग श्युएनोंग आणि आरोग्यमंत्री चांग वनखांग यांना हटवलं गेलं, आणि वांग यांना तातडीने बीजिंगला आणलं. तिथे पक्ष सचिव होते ल्यू छी, म्हणजे वांग यांचा क्रमांक दुसरा. म्हणून काहीजण याला पदावनती म्हणतात, तर काहीजण राजधानी मिळाली म्हणून बढती म्हणतात. दोन्ही पदांची श्रेणी एकच असल्याने हे दोन्ही शब्द चुकीचे आहेत. ‘संकटकाळी केलेली बदली’ असं लिहिणं बरोबर ठरेल. हे काम त्यांच्यावर का सोपवलं गेलं, हे कळायला मागचं पान उलटावं लागतं. १९९८ पासून ते क्वांगतोंगचे उपराज्यपाल होते, आणि कर्जात बुडालेली तिथली सरकारी गुंतवणूक कंपनी जानेवारी १९९९ मध्ये दिवाळखोरीत काढताना घोळ निस्तरणाऱ्यांत तेच पुढे होते.

त्याआधीच्या बँकेच्या वर्षांतही एक चूक नेहमी दिसते. मध्यवर्ती बँकेचे ते उपगव्हर्नर होते, गव्हर्नर नव्हेत. १९९४ पासून ज्या बँकेचे ते प्रमुख झाले ती कन्स्ट्रक्शन बँक, सरकारी व्यापारी बँक.

एकाच पदाच्या दोन तारखा

वांग बीजिंगचे महापौर केव्हा झाले? एप्रिल २००३ मध्ये ते हंगामी महापौर झाले. पूर्ण महापौर झाले फेब्रुवारी २००४ मध्ये, शहराच्या लोक काँग्रेसने, म्हणजे तिथल्या प्रतिनिधी सभेने, रीतसर निवड केल्यावर. नेमणूक आधी पक्ष ठरवतो आणि शिक्कामोर्तब नंतर होतं. देशपातळीवर हेच अंतर जवळपास पाच महिन्यांचं असतं, कारण पक्षाचं महाअधिवेशन पाच वर्षांतून एकदा बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरतं आणि सरकारी पदं पुढच्या मार्चमध्ये बदलतात.

ऑक्टोबर २००७ मध्ये वांग पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांच्या मंडळात, आले आणि नोव्हेंबरअखेर महापौरपद सोडलं. उपपंतप्रधान झाले ते मार्च २००८ मध्ये. मधल्या रिकाम्या महिन्यांवरून ‘बाजूला सारले’ असा अर्थ काढू नका. उलटही घडतं. ली खछ्यांग ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रीय समितीतून (पॉलिटब्युरोपेक्षा मोठी, तिच्या खालची पक्षसमिती) बाहेर पडले, पण मार्च २०२३ पर्यंत पंतप्रधान होते.

यावर साधा उपाय आहे. लिहायला घेण्यापूर्वी तीन रकाने आखा: तारीख, पक्षातलं पद, सरकारी पद. ज्या ओळीत एक रकाना कोरा राहील तिथे पुन्हा तपासा. बहुतेक चुका तिथेच सापडतात.

चौकशी म्हणजे अटक नव्हे

नोव्हेंबर २०१२ मध्ये वांग पॉलिटब्युरोच्या स्थायी समितीत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, आले आणि केंद्रीय शिस्त तपासणी आयोगाचे सचिव झाले. हा आयोग पक्षाचा आहे. तो न्यायालय नाही आणि पोलीसही नाही. आधी आयोगाची चौकशी जाहीर होते, मग पक्षातून हकालपट्टी, मग प्रकरण सरकारी वकिलांच्या यंत्रणेकडे जातं, मग अटक आणि खटला. स्थायी समितीचे माजी सदस्य चोउ योंगखांग यांच्याबाबतीत चौकशी २९ जुलै २०१४ ला जाहीर झाली, हकालपट्टी आणि अटक डिसेंबर २०१४ मध्ये झाली, जन्मठेप ११ जून २०१५ ला. जुलैच्या बातमीत ‘अटक’ लिहिणं म्हणजे चार महिने आधी लिहिणं.

मार्च २०१८ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय पर्यवेक्षण आयोग (भ्रष्टाचाराच्या चौकशीचा सरकारी आयोग) वांग यांच्या नावावर टाकू नका. त्याचे पहिले प्रमुख यांग श्याओतू. शिस्त आयोग तर वांग यांनी ऑक्टोबर २०१७ मध्येच चाओ लची यांच्याकडे सोपवला होता.

उपराष्ट्राध्यक्ष, पण केंद्रीय समितीबाहेर

२०१७ मध्ये वांग ६९ वर्षांचे होते. महाअधिवेशनाच्या वेळी वरिष्ठ नेत्याचं वय ६७ असेल तर राहायचं आणि ६८ असेल तर निवृत्त व्हायचं, असा संकेत आहे. तो लेखी नियम नाही, त्यामुळे ‘नियमानुसार निवृत्त’ असं लिहू नका. २०२२ मध्ये ७२ वर्षांचे लष्करी नेते चांग योउश्या पॉलिटब्युरोत राहिले आणि ६७ वर्षांचे वांग यांग केंद्रीय समितीबाहेर गेले.

निवृत्तीनंतर जानेवारी २०१८ मध्ये वांग छीशान हुनान प्रांतातून राष्ट्रीय लोक काँग्रेसचे, म्हणजे चीनच्या संसदेचे, प्रतिनिधी झाले आणि १७ मार्चला २९६९ विरुद्ध १ मतांनी उपराष्ट्राध्यक्ष. त्याच आठवड्यात, ११ मार्चला, राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षांची दोन मुदतींची मर्यादा घटनेतून काढली गेली होती. हे सगळं जवळजवळ आल्याने त्यांना ‘देशातला दुसरा माणूस’ किंवा वारसदार म्हणण्याचा मोह होतो. हू चिन्ताओ आणि शी चिनफिंग या पदावरून पुढे गेले, पण तेव्हा ते स्थायी समितीतही होते. वांग यांच्या आधीचे ली युआनछाओ फक्त पॉलिटब्युरोत होते. वांग आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी आलेले हान चंग, दोघेही पदावर आले तेव्हा केंद्रीय समितीतसुद्धा नव्हते. वांग यांच्या वाट्याला मुख्यतः परराष्ट्र शिष्टाचाराची कामं आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये जपानच्या सम्राटांच्या राज्यारोहण सोहळ्याला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यसंस्काराला चीनतर्फे तेच गेले होते.